जीपच्या चाकाआडची चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. शिकलेली माणसं मला व्हील स्पेसर म्हणतात. राजूरला वाल्मिकच्या लोखंड कातायच्या लेथवर सगळे चकतीच म्हणतात आणि मला ते चालतं. गाडीचं चाक ज्यावर बसतं त्या हबच्या आणि चाकाच्या मधे मला बसवतात, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं. माझं काम एवढंच. दिसायला मी भाकरीएवढी आहे. मधे मोठं भोक, भोवती पाच लहान भोकं आणि पाच बोल्ट, जाडी दीड इंच, वजन चार किलोच्या आसपास.

जुनी म्हणाले खरी, पण माझी नोकरी किती वर्षं झाली असं विचाराल तर सांगायची लाज वाटते. मी दोन दिवस काम केलं. तेही धड पुरे दोन नाहीत. तरीसुद्धा माझ्यासारख्या दुसऱ्या कुठल्या चकतीसाठी चार माणसं गोळा झाल्याचं मी ऐकलेलं नाही, म्हणून हे सांगायला बसले आहे.

त्याआधी मी आणि माझी बहीण मिळून एकच होतो. एका साखर कारखान्यातल्या जाड शाफ्टचा आम्ही तुकडा. कित्येक हंगाम उसाचा रस अंगावर घेत फिरलो, मग भंगारात गेलो आणि तिथून वाल्मिकच्या दुकानामागे येऊन पडलो. तिथे तीन पावसाळे गेले. एक कोंबडी रोज आमच्यावर बसायची. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आमचं नशीब उघडलं ते विजयमालाच्या जीपमुळे. विजयमाला म्हणजे राजूरच्या स्टँडवर प्रवासी जीप चालवणारी एकटी बाई. जीप तिच्या नवऱ्याची, गोरक्षनाथची. तो कोपरगावकडे कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला लागला, हंगामभर तिकडेच राहायचा आणि जीप दारात उभी राहून तिच्या टायरांना भेगा पडू लागल्या. मग विजयमालानं लायसन्स काढलं, प्रवासी गाडीचा बॅज काढला आणि एका सकाळी ती गाडी घेऊन स्टँडवर आली. स्टँडवर गाड्यांचा नंबर लावायचं काम श्रीमंतनाना करायचे. नंबर आला की गाडी भरायची, असा तिथला नियम. नानांनी तिला नंबर दिला, पण देताना म्हणाले, "बघू किती दिस टिकतीस." ती दोन वर्षं टिकली होती.

त्या भाद्रपदात जीपचा मागचा आख, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, मोडला. नवा घ्यायचा तर महिनोन् महिने वाट बघावी लागली असती, म्हणून संगमनेरच्या भंगारातून दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा आख आणून बसवला. गाडी चालू झाली, पण हा आख आखूड होता. पुढची चाकं पूर्वीसारखी लांब-लांब आणि मागची आत ओढलेली. स्टँडवरच्यांना आयतंच फावलं. आसाराम नावाचा तिच्याबरोबरचा जीपवाला म्हणाला, "विजामाय, तुझी गाडी पुढून म्हैस न् मागून शेळी दिसतीया." ती हसली, पण तिला कळत होतं की हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांना चाकोऱ्या पडलेल्या असतात. पुढची चाकं चाकोरीत जायची आणि मागची चाकोरीच्या काठावर चढायची. भरलेली गाडी वळणावर कलंडल्यासारखी व्हायची आणि मागे बसलेल्या बायका एकमेकींना घट्ट धरायच्या.

नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात कळसूबाईला जायची मोठी रीघ लागते. डोंगराखालच्या बारी गावापर्यंत जीपच जीप. वर्षाची कमाई त्या नऊ दिवसांत होते, आणि अशी कलंडणारी गाडी घेऊन घाटात जायचं तिला धाडस होईना. सातव्या माळेला ती वाल्मिककडे आली.

वाल्मिकनं टेप काढला. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं, मग मागचं मोजलं. फरक तीन इंच भरला.

"तीन इंचाच्या चकत्या टाकायच्या का मग?" विजयमालानं विचारलं.

"तीन दोन्ही मिळून, ताई. एकीकडं दीड, एकीकडं दीड. तीन-तीन टाकल्या तर चाकं गाडीच्या भाईर येत्याल न् बेअरिंग बोंबलंल. पुढच्या चाकांच्या रेषेत आली की बास."

हा वाल्मिक नेमका माणूस. मापात तो कधी चुकत नाही, आणि हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. त्यानं कोंबडीला हाकललं, आम्हाला उचललं, करवतीनं कापलं आणि लेथवर चढवलं. माझ्या अंगावरची सगळी जुनी साल निघाली. मधलं भोक त्यानं हबवर अगदी केसभरही न हलता बसेल असं कातलं. पाच भोकं पाडली, पाच बोल्ट ठोकून बसवले आणि गंजू नये म्हणून राखाडी रंगाचा एक हात मारला. मी आणि बहीण शेजारी-शेजारी वाळत पडलो होतो. इतकं देखणं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आठव्या माळेला, उजाडता-उजाडता, वाल्मिकनं आम्हाला जीपला बसवलं. मी डाव्या चाकात, बहीण उजव्या. हे बसवणं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी हबचे पाच बोल्ट माझ्या भोकांतून घेऊन मला पाच नटांनी आवळतात. हे आतले नट. मग माझ्या बोल्टांवर चाक बसवून पुन्हा पाच नट आवळतात. ते बाहेरचे. चाक एकदा बसलं की आतले नट कोणालाच दिसत नाहीत. ते फक्त मला माहीत असतात.

पाना पुसता-पुसता वाल्मिक म्हणाला, "ताई, नवं लोखंड न् जुनं हब. दोघांला एकमेकावर बसाया वखत लागतो. रंग दबतो, नट सैल पडत्यात. शंभर किलोमीटर झालं की गाडी आन. चाकं काढून आतले नट परत आवळू. इसरू नको."

"न्हाई इसरत. किलोमीटरचा काटा बंद हाय, पर फेऱ्या मोजते मी. दोन फेऱ्यांत शंभर भरत्यात."

त्या दिवशी मी काय कौतुक ऐकलं म्हणून सांगू! जीप चाकोरीत अशी चालली की मागच्या बायकांनी पहिल्यांदाच हात मोकळे सोडले. वळणावर गाडी सरळ. बारीला आसारामनं जीपमागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आता मागूनबी म्हैसच झाली की." विजयमालानं चाकावर थाप मारली. ती थाप चाकाला होती, पण पोचली मला. संध्याकाळपर्यंत दोन फेऱ्या झाल्या आणि माझ्या अंगावरचा रंग दबू लागला. नट किंचित सैल झाले. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. वाल्मिकनं सांगितलेलंच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी नवमी होती. आमच्याकडे तिला खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी घरातली, दुकानातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची आणि दिवसभर त्यांना विश्रांती द्यायची. कोयता, विळा, पाना, हातोडा, काहीही त्या दिवशी उचलत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी, हे मला लोखंड म्हणून फार आवडतं. मात्र गाडीलाही हार घालतात, तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि लगेच गाडी स्टँडवर जाते. गाडीला सुट्टी नसते. हा हिशेब मला अजून कळलेला नाही.

विजयमाला सकाळी सातला वाल्मिकच्या दारात. वाल्मिक नुकताच अंघोळ करून बसला होता. समोर सतरंजीवर लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे पाने ओळीनं मांडलेले, शेजारी जॅक, आणि लेथला हार.

"वाल्मिकभाऊ, शंभर झाल्यात. नट आवळायच्यात ना?"

वाल्मिकनं पान्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, आता कुंकू लावलं बघ. आज कसं उचलू? उद्या दसऱ्याला सोनं लुटलं की ये. लगेच करतो."

"चालंल ना पर तंवर?"

"चालंल की. एका दिवसानं काय व्हतंय?"

ती क्षणभर घुटमळली. तिच्या जीपमधला पाना आणि जॅक तरी असता! पण ते सासूबाईंनी पहाटेच काढून घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर पाटावर मांडले होते. स्टँडवर माणसं खोळंबली होती. ती गेली. मला त्या वेळी वाल्मिकचा राग आला आणि मी तो लपवणार नाही. मापात न चुकणारा माणूस दिवसात चुकला.

बारीकडे जाताना आतला एक नट बोल्टावरून सुटला आणि चाकाच्या पोकळीत पडला. मी ओरडले असते, पण चकतीचं ओरडणं कोण ऐकतं? दुपारी डोंगरावरून उतरलेली नऊ माणसं घेऊन जीप परत निघाली. त्यांत लंकाबाई नावाची एक म्हातारी होती. नऊ दिवसांचा कडक उपास, अनवाणी डोंगर चढून-उतरून आलेली, आणि तरी आवाज खणखणीत. उताराला लागल्यावर दुसरा नट पडला. आता मी हबवर हलायला लागले. दर फेऱ्याला एका बाजूला आपटत होते. ज्या भोकांत वाल्मिकनं केसाचीही जागा ठेवली नव्हती, ती भोकं बोल्ट घासून लांबट होत चालली. मग हबचा एक बोल्ट नटासकट मधेच तुटला. राहिले दोन नट, आणि तेही सैल. पुढे घाटाचं तीव्र वळण होतं आणि त्याच्या डाव्या अंगाला दरी. मला एवढंच कळत होतं की हे चाक त्या वळणापर्यंत टिकणार नाही आणि आत नऊ माणसं अन् दहावी विजयमाला आहे.

विजयमालानं जीप थांबवली.

"काय झालं गं?" मागून कोणी तरी विचारलं.

"मागं खट खट वाजतंय."

ती उतरली. बाहेरचे पाचही नट हातानं चाचपले. घट्ट. एकजण म्हणाला, "काय न्हाई, दगड आडाकला आसंल. चल, एसटी जाईल आमची."

"भाईरचे घट्ट हायेत. आतले सैल पडल्यात. मी गाडी हालवनार न्हाई."

माणसं कुरकुरली. एक-दोघं स्पष्टच बोलले की पुरुष ड्रायव्हर असता तर एव्हाना राजूर आलं असतं. ती चाकांना दगड लावून रस्त्यात उभी राहिली. तेवढ्यात मागून आसारामची जीप आली. त्याच्याकडे पाना होता, जॅक होता. दोन्ही पुढच्या काचेपाशी देवाच्या फोटोखाली, हार घालून ठेवलेले.

"आसारामभाऊ, पाना द्या."

आसारामनं मान हलवली. "आज पाना उचलत न्हाईत, विजामाय. वरीसभर गाडीमागं पिडा लागती. हळूहळू ने की राजूरपातुर."

"आन् वळनावर चाक निघालं तर?"

तो पाना देईनाही आणि जाईनाही. तेव्हा लंकाबाई जीपमधून खाली उतरली. पाय सुजलेले, तरी तरातरा चालत त्याच्या जीपपाशी गेली.

"का रं, वनीच्या सप्तशिंगी आईच्या हातांत काय आस्तं?"

"हत्यारं."

"किती हातांत?"

"अठरा."

"आन् आज नवमी हाय म्हून तिनं ती खाली ठिवलीत व्हय? म्हैसासुर आला तर उद्या ये म्हनंल का ती?" म्हातारीनं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि त्या पान्याला लावलं. "घे. झाली पूजा. लाव त्याला कामाला. पिडा आलीच तर मला सांग, मी बघती."

आसारामनं हार काढला. पाना त्यानं स्वतःच हातात घेतला आणि जीप जॅकवर चढवली.

चाक निघालं तसे आतून दोन नट खळकन् रस्त्यावर पडले. मग सगळ्यांना मी दिसले, वाकडी होऊन लटकलेली. राहिलेले दोन नट आसारामनं नुसत्या बोटानं फिरवून काढले. तुटलेला बोल्ट त्यानं तळहातावर घेतला, समोरच्या वळणाकडे पाहिलं आणि रस्त्यातच खाली बसला. एसटीची घाई असलेला माणूस पाठ फिरवून उभा राहिला. लंकाबाईनं विजयमालाच्या डोक्यावर हात ठेवला. विजयमाला तेव्हा रडली, आधी नाही.

एका बाजूला चकती आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं चालत नाही. म्हणून त्यांनी बहिणीलाही काढलं, चाकं थेट हबवर बसवली, माणसं आसारामच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसली आणि विजयमाला रिकामी गाडी हळूहळू घेऊन आली. आम्ही दोघी मागच्या सीटखाली होतो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी खुशीत भंगारात गेले असते. पण दसऱ्याच्या संध्याकाळी, आपट्याची पानं देता-घेता, स्टँडवर भलतंच बोलणं सुरू झालं. विजयमालाच्या गाडीचं चाक निघता-निघता राहिलं. वाल्मिकनं सांगितलं होतं शंभर किलोमीटरवर आण म्हणून, बाईनं पैशाच्या नादात फेऱ्या मारल्या. श्रीमंतनाना तिला म्हणाले, "पोरी, दिवाळी होईस्तोर गाडी नंबराला लावू नको. लोकांच्या जिवाचा प्रश्न हाय."

"नाना, मी नवमीला सकाळीच गेल्ते वाल्मिकभाऊकडं."

"वाल्मिक तर काय बोलला न्हाई तसं."

आसाराम घाटात होता, पण नवमीच्या सकाळी वाल्मिकच्या दुकानात तो नव्हता. त्याला काही सांगता येईना. आणि वाल्मिक खरंच काही बोलला नव्हता. हे सगळं त्याच्या कानावर आलं तेव्हा मी त्याच्या टेबलावर होते; विजयमालानं त्या दिवशी सकाळीच आम्हा दोघींना तिथे आणून दिलं होतं. त्या रात्री त्यानं दुकान लवकर बंद केलं. सकाळी आला आणि बसून राहिला. मला उचलायचा, लांबट झालेल्या भोकात करंगळी घालून पाहायचा आणि परत ठेवायचा. राजूर पंचक्रोशीत तो नावाजलेला. 'शंभर किलोमीटरवर आण' असं तो म्हणाला होता, हे खोटं नव्हतंच. ती आली होती, हे फक्त तिला, त्याला आणि मला माहीत. तो नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता हा मला मागच्या ढिगात फेकणार.

त्यानं मला काखेत मारलं आणि स्टँडवर गेला. सकाळच्या गाड्या लागत होत्या. विजयमालाची जीप बाजूला, रांगेबाहेर उभी होती. ती मागच्या दाराशी उभं राहून फडक्यानं पुसलेली काच पुन्हा पुसत होती.

वाल्मिकनं मला श्रीमंतनानांच्या हातात दिलं.

"हे भोक बघा, नाना. गोल पाडलं हुतं मी. आता करंगळी जाती त्यात. ही ताई नवमीला सकाळी सात वाजता माझ्या दारात आलती. टायमाला आलती. मीच पाना उचलला न्हाई. एका दिवसानं काय व्हतंय म्हनलो. घाटात ती थांबली म्हून मानसं वाचली. चूक तिची न्हाई, माझी हाय."

नानांनीही भोकात करंगळी घातली. मग मी हातोहात फिरले, आसारामकडे, दुसऱ्या ड्रायव्हरांकडे, चहावाल्याकडे. जो तो भोकात बोट घालायचा आणि पुढे द्यायचा. शेवटी कोणी तरी मला विजयमालाकडे दिलं. तिनं बोट घातलं नाही. तिनं मला दोन्ही हातांत धरलं आणि वाल्मिककडे पाहिलं.

"विजयमाला," नाना म्हणाले, "तिसरा नंबर. लाव गाडी."

तिनं मला वाल्मिकच्या हातात दिलं आणि गाडी रांगेत आणली.

वाल्मिकनं माझ्या मापाची नवी चकती केली आणि ती माझ्या बहिणीबरोबर जीपला लावली. शंभर किलोमीटरनंतर नट आवळले, मग पुन्हा पाचशेवर आवळले. बहीण अजून कामावर आहे. ती दारात आली की मला थोडं वाईट वाटतं, हे कबूल करते. मला वाल्मिकनं दुकानाच्या दाराशी खिळ्यावर टांगलं आहे. चकत्या बसवायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी मला दाखवतो आणि माझी नाही, स्वतःची गोष्ट सांगतो. ती दर वेळी तितकीच खरी सांगतो.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जे काम वेळेवर करायचं ते वेळेवर करा. नटाला सण कळत नाही. खट खट वाजलं तर बाकीचे कितीही हसोत, गाडी थांबवा. आणि कधी चूक झालीच आणि ती तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नसली, तर दुसऱ्या कोणाची गाडी तिच्यापायी रांगेबाहेर उभी नाही ना, एवढं जाऊन बघा.